नोंद पावसाची, राखण ओलीची : सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राची वाटचाल

सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस किती झाला, एवढ्यावरून सुगीचा अंदाज बांधता येत नाही. तो कोणत्या आठवड्यात पडला, किती वाहून गेला आणि किती जमिनीत मुरला, यावर घरात किती पोती ज्वारी येणार आणि दावणीला किती कडबा पडणार हे ठरते. १९३३ साली सोलापुरात सुरू झालेले कोरडवाहू शेती संशोधन केंद्र, म्हणजे आजचे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विभागीय कृषी संशोधन केंद्र, गेली नव्वद वर्षे हेच मोजत आले आहे. केंद्राने वाण दिले, अवजारे सुधारली, पीकपद्धती शोधल्या. या सगळ्याच्या मुळाशी एकच काम आहे. ज्या निसर्गावर माणसांचे पोट अवलंबून आहे, त्याच्याकडे रोज डोळ्यांत तेल घालून पाहायचे आणि जे दिसले ते त्या माणसांपर्यंत वेळेत पोहोचवायचे. या लेखात केंद्राचा इतिहास त्याच अंगाने मांडला आहे.

दुष्काळाचा मुलूख

सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. नैर्ऋत्य मोसमी वारे घाटमाथ्यावर रिते होतात आणि इकडे पोहोचेपर्यंत त्यांच्यात फारसे पाणी उरत नाही. सोलापूर शहराचा वार्षिक सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. सांगोला, माळशिरस, करमाळा अशा पश्चिमेकडील तालुक्यांत तो आणखी कमी. त्यातही पावसाचे दोन तुकडे पडतात. मृगाच्या सरी येऊन जातात, जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस ओढ देतो आणि सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या सुमारास, पुन्हा जोर धरतो. सप्टेंबर हाच इथला सर्वांत मोठ्या पावसाचा महिना. म्हणून इथला शेतकरी पूर्वापार काळ्या जमिनीत खरीप पेरत नाही. पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालून रान मोकळे ठेवतो, पडेल तेवढे पाणी जमिनीला पाजतो आणि पावसाळा संपता संपता शाळू पेरतो. ज्वारीचे हे पीक पुढचे चार महिने जवळजवळ पूर्णपणे मुरलेल्या ओलीवर उभे राहते.

सप्टेंबरने दगा दिला की दुष्काळ ठरलेला. १८७६ ते १८७८ या काळातल्या महादुष्काळाने दख्खन होरपळली, त्यात सोलापूर जिल्हा अग्रभागी होता. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांनी पुन्हा तोच घाव घातला. दुष्काळी कामे म्हणून तलाव खोदले गेले. आष्टीचा तलाव त्याच कामांतून उभा राहिला. त्याआधी १८७१ मध्ये सोलापूरजवळचा एकरुख तलाव पुरा झाला होता. तलावांनी काही शिवारे भिजली, पण बहुतेक जमीन आभाळाकडे डोळे लावून राहिली.

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी हा महादुष्काळ आला. पावसाच्या नोंदी तेव्हाही होत होत्या. मात्र त्या नोंदींतून पेरणीसाठी काही सांगावे, हा विचार रुजायला बराच काळ जावा लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेती संचालक झालेले डॉ. हॅरल्ड मॅन यांनी १८६५ ते १९३८ या काळातील मुंबई दख्खनच्या पावसाचा आणि दुष्काळाचा ताळा मांडला. त्यांचा हा अभ्यास १९५५ साली पुस्तकरूपाने आला. पावसाच्या जुन्या वह्या नीट वाचल्या तर शेतीचे भवितव्य वाचता येते, हे या अभ्यासाने दाखवले.

१९३३ : केंद्राची स्थापना

कोरडवाहू शेतीवरचे शास्त्रीय काम मुंबई इलाख्यात १९२३ साली पुण्याजवळच्या मांजरी येथे सुरू झाले. तिथे ताम्हणे यांनी पहिले प्रयोग घातले. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९२८ साली शेतीवरचा अहवाल दिला. त्याच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये आजच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची पूर्वसंस्था उभी राहिली. या परिषदेने १९३३ ते १९३५ या काळात देशात पाच ठिकाणी कोरडवाहू संशोधन केंद्रे काढली. सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक ही ती पाच गावे. त्यांपैकी चार दख्खनच्या पठारावरची आहेत. त्याच सुमारास, १९३२ साली, पुण्यात हवामान खात्याची कृषी हवामान शाखा डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. पावसाचा अभ्यास आणि पिकाचा अभ्यास एकमेकांजवळ आले ते या दोन-तीन वर्षांत.

सोलापूरच्या कामाची धुरा एन. व्ही. कानिटकर यांच्याकडे आली. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला प्रश्न घेतला तो पाण्याच्या हिशेबाचा. एवढा पाऊस पडतो, त्यातला पिकाच्या कामी किती येतो? त्यासाठी उतारावर ठरावीक मापाचे वाफे आखले, खालच्या बाजूला हौद बांधले आणि प्रत्येक पावसानंतर हौदात आलेले पाणी व त्यासोबत वाहून आलेली माती मोजली. जमिनीची धूप मोजण्याचे देशातले जे आरंभीचे प्रयोग आहेत, त्यांत या वाफ्यांची गणना होते. सौम्य दिसणाऱ्या उतारावरूनही एखाद्या जोरदार सरीत किती पाणी आणि किती माती निसटते, हे प्रथमच आकड्यांत दिसले.

या मोजणीतून जी पद्धत तयार झाली, ती 'मुंबई कोरडवाहू शेती पद्धती' म्हणून देशभर ओळखली गेली. पाणी अडवण्यासाठी बांध घालावेत, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी, शेणखत द्यावे, पेरणीआधी कुळवाच्या पाळ्या घालाव्यात, बियाणे कमी वापरून दोन ओळींत जास्त अंतर ठेवावे आणि पिकात वेळेवर कोळपणी करावी, ही तिची अंगे. यातील एकही गोष्ट शेतकऱ्याला परकी नव्हती. कुळव, पाभर, कोळपे ही त्याचीच अवजारे. कोणते काम केव्हा आणि किती केले म्हणजे ओल टिकते, याचे माप केंद्राने त्याला दिले. कानिटकरांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ १९४४ साली परिषदेने प्रसिद्ध केला. सिरूर आणि गोखले यांच्यासह केलेली त्याची सुधारित आवृत्ती १९६० साली आली. या विषयाच्या अभ्यासकाला आजही त्या ग्रंथापासूनच सुरुवात करावी लागते.

या पद्धतीने उत्पादन वाढले, पण वाढ सुमारे १५ ते २० टक्क्यांची होती. मुळात हेक्टरी दोन-चारशे किलो पिकणाऱ्या रानात एवढ्या वाढीने शेतकऱ्याचे घर सावरत नव्हते, म्हणून ही पद्धत सर्वदूर पसरली नाही. तिच्यातील बांधांना मात्र कायद्याचे बळ मिळाले. १९४२ सालच्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने समतल बांधांची कामे गावोगाव घेण्याचा मार्ग खुला केला. पुढच्या दोन-तीन दशकांत सोलापूर-विजापूर भागाच्या शिवारांवर जे बांध उठले, त्यांच्यामागे केंद्राच्या हौदांतील मोजमापांचा आधार होता.

मालदांडीचे देणे

सोलापूरच्या कोरडवाहू संशोधनाची गोष्ट जिल्ह्यातल्याच मोहोळचे नाव घेतल्याशिवाय पुरी होत नाही. १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर शेतकऱ्यांच्या स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून मालदांडी ३५-१ हा वाण तयार झाला. पांढरा शुभ्र, टपोरा दाणा, गोडसर भाकरी आणि जनावरे आवडीने खातात असा कडबा यांमुळे तो घराघरात गेला. पुढे कितीतरी नवे वाण आले, तरी रब्बी ज्वारीचा कस लावताना आजही मालदांडीशीच तुलना होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्या मानामागेही हेच मालदांडी घराणे आहे.

या वाणाचे मूळ बियाणे शास्त्रज्ञांनी बाहेरून आणलेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलेल्या शेतकऱ्यांनी ते राखले होते. शास्त्रज्ञांनी ते पारखले, वेगळे काढले, शुद्ध केले आणि परत शेतकऱ्याच्या हाती दिले. केंद्र आणि शिवार यांचे नाते असेच दुतर्फा राहिले आहे.

१९७० ते १९७२ : कसोटीचा काळ

१९६८ साली राज्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले, राहुरी हे त्याचे ठाणे झाले आणि सोलापूरचे केंद्र त्याच्या छत्राखाली आले. १९७० साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने कॅनडाच्या सहकार्याने अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्प सुरू केला. त्यात सोलापूर हे एक प्रमुख केंद्र झाले.

प्रकल्पाची घडी बसते न बसते तोच १९७२चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना खडी फोडणारे हात, मिलो ज्वारी आणि सुकडी आजही आठवते. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना याच दुष्काळात महाराष्ट्रभर पोहोचली आणि पुढे तिला कायद्याचे रूप मिळाले. हमीच्या कामांतून ताली, पाझर तलाव, नालाबांध उभे राहिले. कुठे काय करावे याचे शास्त्र सोलापूरसारख्या केंद्रांनी आधीच जमवून ठेवले होते.

या दुष्काळानंतर केंद्राच्या कामाचा रोख बदलला. चांगल्या पावसाच्या वर्षी काय पिकवावे, एवढे सांगून भागणार नव्हते. पाऊस महिनाभर उशिरा आला तर काय पेरावे? पेरल्यावर तीन आठवडे उघडीप पडली तर काय वाचवावे? सप्टेंबर कोरडा गेला तर रान पडीक ठेवावे की चाऱ्याचे पीक घ्यावे? या प्रश्नांतून आपत्कालीन पीक नियोजन तयार झाले. जून वेळेवर बरसला तर बाजरी, मूग, उडीद घ्यावेत. जुलैचा दुसरा पंधरवडा उजाडला तर बाजरी मागे पडते आणि सूर्यफूल, तूर, हुलगा, एरंडी पुढे येतात. सप्टेंबरच्या मध्यापासून ज्वारी आणि करडई, ऑक्टोबरात हरभरा. पाऊस कितीही उशिरा आला तरी शेतकऱ्यापुढे एखादी तरी वाट मोकळी असावी, ही त्यामागची तळमळ होती. बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक ओळ ही आंतरपीक पद्धतही याच विचारातली. पाऊस लवकर संपला तर बाजरी हाती लागते, उशिरापर्यंत राहिला तर तूर.

वेधशाळेतील रोजचे काम

१९८३ साली कृषी हवामानशास्त्राचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि सोलापूरला त्याचे केंद्र मिळाले. पाऊस, उष्णता, वारा आणि पीक यांचा एकत्र अभ्यास करणारी स्वतंत्र फळी त्यामुळे उभी राहिली.

कृषी वेधशाळेचे काम बाहेरून फार साधे दिसते. तारेच्या कुंपणाआड मोकळी जागा, पांढऱ्या रंगाची झडपांची लाकडी पेटी, वाऱ्यावर फिरणाऱ्या वाट्या, पत्र्याचे गोल भांडे आणि जमिनीत रोवलेले पर्जन्यमापक. निरीक्षक स्थानिक वेळेनुसार सकाळी सातला आणि दुपारी दोनला येथे येतो. पेटीचे दार उत्तरेकडे उघडते, म्हणजे दार उघडताना तापमापकांवर ऊन पडत नाही. आत चार तापमापक असतात. कोरडा, ओला, कमाल आणि किमान. ओल्या तापमापकाच्या फुग्यावर मलमलीची चिंधी असते. ती मळली किंवा सुकली की आर्द्रतेचा आकडा चुकतो, म्हणून ती वेळोवेळी बदलावी लागते.

पर्जन्यमापकाची कड जमिनीपासून ३० सेंटीमीटर उंच आणि अगदी समपातळीत असावी लागते. जवळ झाड किंवा भिंत असून चालत नाही. सकाळी साडेआठला आतली बाटली काढून पाणी मोजपात्रात ओततात, डोळा पाण्याच्या पातळीवर आणून वाचतात आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत नोंदवतात. पाऊस पडला नसेल तर शून्य लिहितात. हा शून्यही महत्त्वाचा आहे. पावसाच्या खंडाचे दिवस मोजायचे ते या शून्यांवरूनच, आणि शासनाला दुष्काळ पटवून द्यायचा तोही त्यांच्याच आधारे.

बाष्पीभवनाच्या भांड्यावर जाळी असते, कारण उन्हाळ्यात पाखरे पाणी प्यायला येतात. कालच्यापेक्षा पातळी किती उतरली, हे पाहून मोजून पाणी भरतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरच्या उन्हात रोज दहा मिलिमीटरच्या वर पाणी उडून जाते. म्हणजे उघड्या पाण्याचा एक सेंटीमीटरहून जाड थर दर दिवशी हवेत विरतो. शेततळे आटते किती आणि फळबागेला पाणी लागते किती, याचा हिशेब या भांड्यापासून सुरू होतो.

जमिनीतली ओल डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी गिरमिट घेऊन रानात जावे लागते. १५ सेंटीमीटरच्या थरांनी माती काढायची, झाकणाच्या डब्यांत बंद करायची, वजन करायचे, १०५ अंशांच्या भट्टीत २४ तास वाळवायची आणि पुन्हा तोलायची. दोन वजनांतला फरक म्हणजे ओल. चिकट काळ्या मातीतून गिरमिट वर ओढताना मनगटे भरून येतात. पण कोळपणी केलेल्या आणि न केलेल्या वाफ्यांत महिनाभरानंतर किती ओल उरली, हे यातूनच कळते. ज्वारीत तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, पाच आठवड्यांनी अखंड पासेच्या कोळप्याने आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने कोळपणी करावी, असे विद्यापीठ सांगते. पीक वाढू लागले की काळी जमीन भेगाळते आणि भेगांतून खालची ओल उडते. शेवटची कोळपणी या भेगा बुजवण्यासाठीच असते.

अशा हजारो नोंदींवरून वर्षाचे ५२ आठवडे पाडून, कोणत्या आठवड्यात किती पाऊस होण्याची किती शक्यता आहे, याची कोष्टके तयार झाली. रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्यात पेरावी, ही आज प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असलेली शिफारस अशाच नोंदी आणि पेरणीच्या तारखांचे प्रयोग यांतून पक्की झाली.

नोंदीपासून सल्ल्यापर्यंत

मोजलेले आकडे वहीत राहिले तर शेतकऱ्याला त्यांचा उपयोग नाही. शेतकऱ्यांसाठी हवामानाचे वार्तापत्र आकाशवाणीवरून १९४५ सालापासून सुरू झाले, पण ते फार मोठ्या मुलखासाठी असे. १९९१ पासून विद्यापीठांच्या केंद्रांत कृषी हवामान सल्ला सेवेचे घटक उभे राहू लागले. २००८ पासून जिल्हावार सल्ला देण्यास सुरुवात झाली. सोलापूरच्या केंद्रात ग्रामीण कृषी हवामान सेवेचा घटक आहे आणि अवर्षणप्रवण विभागातील शेतकऱ्यांसाठी तो काम करतो.

मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान खात्याकडून पुढील पाच दिवसांचा अंदाज येतो. त्यात पाऊस, कमाल-किमान तापमान, सकाळ-दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा आणि ढगांचे प्रमाण असते. केंद्रातील तज्ज्ञ त्याच्या शेजारी आठवडाभराच्या आपल्या नोंदी ठेवतात, रानातील पिकाची अवस्था पाहतात आणि मग सल्ला लिहितात. पुढील चार दिवस पाऊस नसेल तर ज्वारीची पेरणी वापशावर उरकून घ्या. ढगाळ हवा टिकणार असेल तर डाळिंबावरील तेलकट डागाकडे लक्ष ठेवा. वारा जोराचा असेल तर फवारणी थांबवा. हा सल्ला वर्तमानपत्र, आकाशवाणी आणि मोबाईलवरून जातो. २०१९ मध्ये आलेल्या 'मेघदूत' ॲपवरही तो मराठीत मिळतो.

सल्ला शिवाराच्या जमिनीप्रमाणे बदलावा लागतो. हस्ताचा पाऊस सगळीकडे सारखा पडला, तरी मुरमाड माळावर आणि नदीकाठच्या खोल काळ्या रानात ओल सारखी मुरत नाही. म्हणून विद्यापीठाने ज्वारीचे वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे वाटून दिले. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि मालदांडी, भारी जमिनीसाठी फुले वसुधा आणि फुले यशोदा. फुले माऊली हलक्या आणि मध्यम दोन्ही जमिनींत चालते. बियाणे आणि खत एकाच वेळी ओलीत पडावे म्हणून दोन चाड्यांची पाभर वापरा, पावसाळ्यात रानात सरी-वरंबे किंवा सारे पाडून पाणी जिरवा, हेही त्याच शिकवणीचे भाग आहेत. २०११ साली हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, तेव्हा उत्तर सोलापूर तालुक्यातील नरोटेवाडीत केंद्राने हे सारे शेतकऱ्यांच्या रानात उतरवून दाखवले.

ढगांपर्यंत आणि मंडळापर्यंत

२०१८ आणि २०१९ या दोन पावसाळ्यांत सोलापूरचे आभाळ देशाच्या शास्त्रज्ञांचे प्रयोगक्षेत्र झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांच्या प्रयोगासाठी सोलापूरला तळ ठोकला. रडार, जमिनीवरची पर्जन्यमापके आणि विमाने यांच्या साहाय्याने काही ढगांत क्षारांची फवारणी केली आणि काही ढग मुद्दाम तसेच ठेवले. दोहोंची तुलना करून २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. योग्य ढगांत बीजारोपण केल्यास काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत आणि शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रावर सरासरी १८ टक्के जादा पाऊस मिळाला. योग्य ढगच नसेल तर काही साधत नाही, हेही त्या अभ्यासाने स्पष्ट केले. पर्जन्यछायेतल्या जिल्ह्याला दोन्ही गोष्टी माहीत असणे गरजेचे आहे.

दुसरीकडे, पाऊस एका शिवारात कोसळतो आणि शेजारचे गाव कोरडे राहते, हा इथला नेहमीचा अनुभव. २०१७ पासून राज्यात 'महावेध' प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. डाळिंबासारख्या पिकांच्या हवामान आधारित विम्याची भरपाई आता या केंद्रांच्या आकड्यांवर ठरते. यंत्राभोवती गवत माजले किंवा शेजारी झाड वाढले, तर चुकलेल्या आकड्याचा फटका एका कुटुंबाच्या वर्षभराच्या कमाईला बसतो. म्हणून यंत्र कुठेही असो, वेधशाळेतील निरीक्षकाची शिस्त तिथे पोहोचलीच पाहिजे.

पावसाची तऱ्हाही बदलते आहे. २०१२-१३ मध्ये सांगोला, मंगळवेढ्यात चारा छावण्या उभ्या होत्या. १४ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने त्याच जिल्ह्यात अतिवृष्टी केली आणि पंढरपूरसह अनेक गावे पाण्याने वेढली. २०२५च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने काठची उभी पिके नेली. आता केंद्राच्या सल्ल्याला ओल राखण्याबरोबर जादा पाण्याला वाट काढून देण्याचाही विचार करावा लागतो.

जगाच्या दुसऱ्या टोकाला

निसर्गावर विसंबणाऱ्यांसाठी अशी नोंद इतरत्रही ठेवली जाते. अलास्कातील बेरिंग सामुद्रधुनीच्या काठी वॉलरसची शिकार करून जगणारी गावे आहेत. त्यांचा वसंत समुद्रावरच्या बर्फावर ठरतो. बर्फ कुठे आहे, केव्हा फुटणार, वारा त्याला कुठे नेणार, हे चुकले तर हंगाम हातचा जातो आणि प्रसंगी जीवही. २०१० पासून तिथले हवामान तज्ज्ञ आणि शिकारी मिळून दर वसंतात आठवड्याला बर्फाचे वार्तापत्र काढतात. त्यात उपग्रहाची छायाचित्रे असतात आणि गावकऱ्यांनी डोळ्यांनी पाहून कळवलेली माहितीही. कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावरील नेन गावात २००९-१०चा हिवाळा असाधारण उबदार गेला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीच्या वाटांवर बर्फ पातळ झाला आणि माणसे पाण्यात पडली. त्यानंतर तिथे 'स्मार्ट आइस' हा उपक्रम उभा राहिला. गावातलीच तरुण मुले बर्फात उपकरणे रोवतात, घसरगाडीला बांधलेल्या यंत्राने बर्फाची जाडी मोजतात आणि सुरक्षित वाटेचा नकाशा गावाला देतात.

बर्फाळ समुद्र आणि सोलापूरचा माळ यांच्यात वरवर काही साम्य नाही. काम मात्र एकच आहे. तिथे मोजणारा आणि विसंबणारा यांच्यात अंतर राहिलेले नाही, आणि ते आपण शिकण्याजोगे आहे. आपल्याकडेही मालदांडीचे बियाणे शेतकऱ्याच्या घरातूनच आले होते. आता शेतकऱ्याच्या शिवारातील पावसाची नोंद, पेरणीची तारीख, उगवण आणि किडीची पहिली चाहूल ही माहितीही केंद्राकडे नियमित आली पाहिजे. गावच्या शाळेत पर्जन्यमापक बसवून मुलांना रोजची नोंद करायला शिकवले, तर पाऊस मोजणारी पिढी गावातच तयार होईल.

पुढील वाट

कृषी विज्ञान केंद्रांत २०१८ पासून उभारलेले जिल्हास्तरावरचे हवामान घटक २०२४च्या मार्चमध्ये बंद झाले. त्यामुळे विद्यापीठांच्या जुन्या घटकांवरचा भार वाढला आहे आणि सोलापूरसारख्या केंद्राची जबाबदारीही. पाऊस जितका लहरी होत जाईल, तितकी जवळून दिलेल्या सल्ल्याची गरज वाढणार आहे. गावपातळीवरचा सल्ला देणारी माणसे पुन्हा उभी करणे, हे शासनाने तातडीने हाती घ्यावे असे काम आहे.

केंद्राच्या हातात जे आहे, ते दोन शब्दांत सांगता येईल. अखंडता आणि पोहोच. नोंदीतला एक दिवस गेला तर तो परत मिळवता येत नाही. म्हणून सुट्टी असो, यंत्र बिघडलेले असो की पाऊस धो धो कोसळत असो, सकाळची नोंद झालीच पाहिजे. १९३३ पासूनच्या जुन्या वह्या संगणकावर आणून अभ्यासकांना आणि शेतकऱ्यांना खुल्या केल्या पाहिजेत, कारण पाऊस खरोखर किती आणि कसा बदलला, याचा इतका दीर्घ पुरावा जिल्ह्यात दुसरीकडे मिळणे कठीण आहे. आणि शुक्रवारी लिहिलेला सल्ला शनिवारी सकाळी पाभर जुंपण्याआधी सांगोल्याच्या माळावरील शेतकऱ्याच्या हाती पडला पाहिजे. कानिटकरांच्या हौदांपासून आजच्या स्वयंचलित यंत्रांपर्यंत साधने बदलली, पण या केंद्राची परीक्षा बदलली नाही. शेतकऱ्याने पेरणीचा निर्णय घेताना केंद्राचा शब्द आधारासारखा जवळ असावा, हीच ती परीक्षा. प्रत्येक सप्टेंबरात ती नव्याने द्यायची आहे, आणि त्यासाठी वर्षभर रोज सकाळी तयारी करायची आहे.